आक्काचा सलाम

गेल्या महिन्यात कळंब्याला चुलतभावाच्या वास्तुशांतीला गेलो होतो. जेवणं उरकलेली, वरच्या हॉलमधे पाहुणे सतरंजीवर रेलून पान खात बसलेले, नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता आणि त्यात होमाचा धूर कोंडलेला. भावाची नात ओवी, अडीच वर्षांची, खणाचं परकर पोलकं घातलेली. तिला तिच्या आईनं मधे उभं केलं आणि सुरू झालं. ओवी, आजोबांना जय बाप्पा कर. केलं. सलाम कर. केला. फ्लाइंग किस दे. दिला. बेडूक कशी उडी मारतो, आजी कशी चालते, पप्पा कसे रागावतात. जरा वेळानं आईनं सांगायच्या आधीच पोरगी पुढचं करायला लागली, सगळं ओळीनं पाठ. सगळे हसत होते, मी पण हसत होतो. मग माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडं गेलं. पोरगी आमच्यातल्या कुणाकडंच बघत नव्हती. ती आईच्या उजव्या मुठीकडं बघत होती. मुठीत चॉकलेट होतं.

मी उठलो आणि खाली पार्किंगमधे येऊन उभा राहिलो.

मागनं बायको आली, म्हणाली काय झालं, ॲसिडिटी का. हो म्हटलं, मसालेभात जरा जास्तच झाला. दुसरं काय सांगणार? की आपल्या ओवीला बघून मला एक माकडीण आठवली? वास्तुशांतीच्या दिवशी असलं काही बोललो असतो तर भावानं पुन्हा दारात उभं केलं नसतं. पण आठवली हे खरं आहे, आणि तेव्हापासनं डोक्यातनं जाईना झालीय म्हणून लिहायला बसलोय.

तिचं नाव आक्का. माझं कोल्हापुरात विद्यापीठ रोडला झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं जनावरांचा एक तरुण डॉक्टर कायम कसलेकसले फॉर्म घेऊन यायचा, प्रत्येक फॉर्मच्या तीन तीन कॉप्या. एकदा विचारलं बाबा एवढं काय असतं तुझं, तर म्हणाला काका रविवारी चला, दाखवतो. शहरापासनं वीसेक किलोमीटरवर, गगनबावड्याच्या रस्त्यावरनं आत वळल्यावर ती जागा. नाव लिहीत नाही, त्यांना बघे नको असतात. पत्र्याच्या चार शेड, एक विहीर, मोठी मोठी जाळीची पिंजराघरं. मांजात पंख कापलेल्या घारी, ऊसतोडीत फडात सापडलेली रानमांजराची पिल्लं, एक आंधळं गाढव, आणि कुत्री तर विचारूच नका. मी गेलो ते 2015 च्या पावसाळ्यात. बघायला म्हणून गेलो आणि पुढची सात-आठ वर्षं जमेल त्या रविवारी जात राहिलो, पाणी भरायला, पिंजरे धुवायला. फार काही समाजसेवा वगैरे नव्हती डोक्यात. रविवारी घरात बसलं की सासरकडचे फोन येतात, एवढंच कारण होतं सुरुवातीला.

त्याच पावसाळ्यात आक्का आली. एका आठवडी बाजारात माकडाचा खेळ चालला होता, कुणीतरी फोन केला, वनखात्याच्या माणसांनी उचलून आणली. अंगात गुलाबी फ्रॉक, लेस लावलेला, कुठल्यातरी बारशातल्या पोरीचा जुना असावा. भिजून घट्ट बसला होता म्हणून डॉक्टरनं कात्रीनं कापून काढला, तर खाली कमरेभोवती दोरीचा पट्टा बसतो तेवढ्या जागेत केसच नाहीत, चामडी काळी पडून गुळगुळीत झालेली, आपल्या पाकिटाची जुनी घडी असते तशी. पुढचे सुळे काढून टाकलेले. चावू नये म्हणून काढतात. म्हणजे जंगलात सोडायचा विषय पहिल्याच दिवशी संपला. सुळे नाहीत, टोळी नाही, आणि झाडापेक्षा माणसाची सवय जास्त, तिला सोडायचं म्हणजे मारायलाच सोडायचं.

आपल्याकडचं हे टोपीवालं माकड. डोक्यावर मधोमध भांग पाडून दोन्हीकडं केस चापून बसवल्यासारखे, शेपूट लांबलचक. हे फक्त दक्षिणेत, उत्तरेकडचं लाल बुडाचं आखूड शेपटीचं वेगळं, आणि काळ्या तोंडाचं ते वानर. हे सगळं मला तिथं गेल्यावर कळलं, त्याआधी मला सगळीच मारुतीची माकडं. आक्काचा भांग मात्र खरंच बघण्यासारखा होता. तिथं काम करणारे तात्या म्हणजे आधी गुऱ्हाळावर गुळव्या, काहिलीतल्या रसाच्या बुडबुड्याकडं बघून आता उतरवा म्हणणारा माणूस. गुऱ्हाळं कमी झाली तसे इकडं आले. तात्यांनी तिच्याकडं दोन दिवस नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "थोरली भैन म्हायेराला येऊन रुसून बसल्यागत बसलीया बघा. आक्काच हाय ही." झालं, आक्का. माझी सख्खी आक्का इचलकरंजीला असते. एकदा मी घरातनं तात्यांना फोनवर विचारत होतो की आक्काचे जुलाब थांबले का, केळं पचतंय का, तर बायकोनं ते ऐकून काळजीनं इचलकरंजीला फोन लावला. ते प्रकरण मिटायला दिवाळी उजाडली.

तर सलाम.

आक्का कुणी जवळ आलं की खेळ करायची. कुणीही. तात्या झाडू घेऊन आले तरी, डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन आला तरी, मी बादली घेऊन गेलो तरी. झाडूचा दांडा दिसला की जास्तच. आधी दोन पायांवर उभी राहायची, मग उजवा हात कपाळाला लावून सलाम, मग कोलांटी, मग खांद्यावर काठी घेतल्यासारखा हात करून मान खाली घालून चार पावलं चालणं, म्हणजे सासरला निघालेली सून, आणि शेवटी आडवी पडून मेल्याचं सोंग. आमच्या वयाच्या प्रत्येकानं लहानपणी गल्लीत हा खेळ बघितलाय, मंगळवार पेठेत आमच्या दारात तर महिन्यातनं एकदा असायचाच, मी स्वतः आईकडनं दहा पैसे घेऊन त्या परातीत टाकलेत. पण तिथं डमरू असतो, गर्दी असते, ‘सासरला जानार का न्हाई’ म्हणणारा माणूस असतो. इथं काहीच नाही. पत्र्यावर पाऊस पडतोय आणि एक माकडीण ओल्या फरशीवर एकटीच सासरला चाललीय. शेवटी मेल्याचं सोंग करून पडायची आणि पडल्या पडल्या एक डोळा उघडून बघायची, तुमच्या हाताकडं. तोंडाकडं नाही.

पहिल्या महिन्यात मी तिचा एक फोटो काढला होता, दात दाखवून हसतानाचा. इतका आवडला की व्हॉट्सॲपचा डीपी ठेवला, लोकांनी पण कौतुक केलं, मालक आणि माकड दोघं सारखेच दिसताय वगैरे. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरनं तो बघितला आणि जरा संकोचूनच म्हणाला, काका, ती हसत नाहीय. माकड असे दात काढतं ते घाबरल्यावर, मी तुझ्यापुढं लहान आहे, मारू नको म्हणून. मैत्री करायची असेल तर ते ओठ चपचप वाजवतं. मी डीपी बदलला. पण तो फोटो डिलीट केला नाही, आणि खरं सांगायचं तर अजून बघितला की आधी मला ती हसतेयच असं वाटतं, मग एका सेकंदानं आठवतं.

तात्यांनी काय केलं, तर काहीच केलं नाही. म्हणजे तिनं खेळ केला की तात्या तिच्याकडं पाठ करून बसायचे. खाणं द्यायचे ते खेळाशी संबंध न ठेवता, ती झोपेत असताना, नाहीतर पाठमोरी असताना वाडगं सरकवून द्यायचं. भिजवलेले हरभरे, सोललेले शेंगदाणे, उकडलेलं रताळं, दात नाहीत म्हणून मऊ. डॉक्टरनं सांगितलं होतं की खेळाला दाद पण नको आणि रागावणं पण नको. मला हे जमायचं नाही. समोर कुणी एवढं जीव तोडून काही करतंय आणि आपण भिंतीकडं बघत बसायचं, फार कठीण जातं. माणसाचा हात आपोआप वर येतो टाळी वाजवायला. तात्या मात्र पाठ करून बसायचे, तंबाखू मळत, ओठ चपचप वाजवत. साठीतला माणूस, पांढरी टोपी, भिंतीकडं तोंड करून चपचप करतोय. एखादा पाहुणा आला असता तर यालाच आत ठेवलाय म्हणाला असता.

वर्षभरानं तो माकडवाला आला.

त्या दिवशी मी होतो, म्हणून सांगतो. दुपारची वेळ, बाहेरच्या फाटकाशी एक माणूस उभा, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. डोक्यावर टोपली, त्यात कंगवे, पिना, फुगे. आत यायचं नाही म्हणाला, नुसतं लांबनं बघतो. तात्यांनी नाही सांगितलं, तसा नियमच होता. तो वाद घालत बसला नाही, फक्त उभा राहिला आणि खाकरला. तसं साधंच खाकरणं, घसा साफ करायला करतात तसलं. पण आक्काचा पिंजरा तिथनं चाळीस-पन्नास पावलांवर, मधे शेड, ती त्याला बघू शकत नव्हती. ती वरच्या फळीवर उन्हाला बसलेली, उठली, खाली आली, आणि दोन पायांवर उभी राहून सलाम केला. मग कोलांटी. मग सासरला जाणं. मग मेल्याचं सोंग. तोवर तिचा खेळ बराच सुटला होता, मेल्याचं सोंग तर कित्येक महिन्यांत कुणी बघितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं ओळीनं, एक पण न चुकता, आणि बघायला समोर कोणी नाही, फक्त मी, हातात पाण्याची नळी. नळीतनं पाणी माझ्या चपलेवर पडत होतं ते पण कळलं नाही.

मी फाटकापाशी जाऊन त्याला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, सांगायला नको होतं बहुतेक. म्हटलं, तुमचा आवाज ऐकून तिनं खेळ केला. तो माणूस तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. "इसरली न्हाई," म्हणाला, "माजी पोरगी मला इसरली न्हाई." त्याला वाटलं माया. मला वाटलं भीती. डॉक्टर म्हणाला कंडिशनिंग, म्हणजे दोन्ही नाही, घंटा वाजली की शाळेतली पोरं उठतात तसं. तात्या काहीच बोलले नाहीत, त्या माणसाला पाणी दिलं, पोरीला दोन केळी दिली. ती मुलगी आक्काच्या वाटणीची केळी खात बापाच्या तोंडाकडं बघत होती. 1998 साली केंद्र सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले, ते बरोबरच केलं, मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, सुळे उपटलेलं तोंड मी डोळ्यांनी बघितलंय. पण माकडाला ठेवायला निदान ही चार शेडची जागा तरी होती. तो माणूस कंगव्याची टोपली उचलून ज्या रस्त्यानं आला त्या रस्त्यानं गेला. नंतर कधी आला नाही.

मला आजपण ठरवता येत नाही. तो तिला जवळ घेऊन झोपायचा म्हणे, थंडीत आपलं घोंगडं तिच्यावर टाकायचा, आणि त्यानंच ते सुळे काढले होते, नाहीतर काढून घेतले होते. दोन्ही एकाच माणसानं. आणि तिनं पहिले पंधरा दिवस कुणासाठी रस्त्याकडं तोंड करून बसून काढले? मारणाऱ्यासाठी की घोंगडं टाकणाऱ्यासाठी? गेल्या वर्षी, 2025 च्या जुलैत, नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण जामनगरला वनतारात नेली तेव्हा आख्खा जिल्हा पेटला होता, लोक नांदणीपासनं कोल्हापूरपर्यंत चालत आले, हत्तिणीच्या डोळ्यातनं पाणी येतंय असे व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर. पानपट्टीवर मला विचारायचे, तुम्ही जाता की प्राण्यांच्यात, तुमचं काय म्हणणं. एक म्हणायचा हत्तीण रडतेय म्हणजे तिला मठच पाहिजे, दुसरा म्हणायचा तिच्या पायाची अवस्था बघा. मी पान तोंडात कोंबायचो आणि मान हलवायचो. साठमारीच्या, म्हणजे माणसं हत्तीशी झुंजायची त्या खेळाच्या, आणि शाहू महाराजांच्या शिकारी चित्त्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेलं गाव आमचं, जनावरावर जीव टाकणं आम्हाला शिकवावं लागत नाही. पण जनावराच्या डोळ्यात आपल्याला काय दिसतं आणि त्यात काय असतं, यातला फरक मी एकदा डीपीला लावून बसलो होतो, त्यामुळं पानपट्टीवर माझं तोंड उघडत नाही.

आक्काचे चांगले दिवस पण होते हो. नाहीतर वाटेल सगळं रडगाणंच. शेजारच्या पिंजऱ्यात पैलवान होता, विजेच्या तारेला चिकटून डावा हात गेलेला थोराड नर. त्याच्याबरोबर लाडू नावाचं एक पोरकं पिल्लू. आक्काला आधी जाळीच्या अलीकडं ठेवलं, दोन महिने, नुसतं एकमेकांना बघू दे म्हणून. मग मधलं दार उघडलं. मला वाटलं आता मारामारी. पैलवान आला, तिच्याभोवती फिरला, आणि बसला तिचे केस विंचरायला, एका हातानं. आपण म्हणतो उवा काढतात, पण नुसतं तेवढंच नसतं, ते त्यांचं बोलणं पण असतं. आक्का आधी ताठ बसली. मग हळूहळू तिची मान सैल पडली, मग खांदे, मग ती चक्क आडवी झाली, डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं. तात्या मला म्हणाले, "मेल्याचं सोंग न्हवं हां ह्ये. खरंच झोपलीया." केस गेलेला तो कमरेचा पट्टा पैलवान बोटानं चाचपत होता, तिथं विंचरायला काहीच नव्हतं तरी परत परत तिथंच यायचा.

आणि तिची खोळ. पाऊस लागला की तिला गोणपाट लागायचं. फ्रॉक काढल्यावर थंडीनं कुडकुडायची म्हणून तात्यांनी पहिल्याच आठवड्यात एक रिकामं पोतं दिलं होतं, तिनं ते कधी अंगाखाली घेतलं नाही, डोक्यावर घेतलं. भात लावणाऱ्या बायका पोत्याचं एक टोक दुसऱ्यात खुपसून खोळ घेतात ना, जवळजवळ तशी, दोन्ही हातांनी हनुवटीखाली धरून बसायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, निदान खेळात तरी नव्हतं. 2019 च्या महापुरात, राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आणि पाणी 55 च्या वर, शिरोलीला हायवे बंद, मी दोन रविवार जाऊ शकलो नाही. माझ्या दुकानात पाणी नव्हतं पण गिऱ्हाईक पण नव्हतं. फळांची गाडी येत नव्हती, तात्या फोनवर म्हणाले हरभरं हाईत, ऊस हाय, चाललंय. आक्काला ऊस चावत नाही म्हटलं तर म्हणाले चिपाडं काढून मऊ करून देतोय, आणि आक्का खोळ घेऊन फळीवर बसलीया, "माझ्याकडं बघतीया, जणू मीच पाऊस पाडतोय." कोल्हापूर पाण्याखाली असताना त्या आठवड्यात मी फक्त त्या एका वाक्याला हसलो.

सलाम सुटायला पाच वर्षं लागली. आधी मेल्याचं सोंग गेलं, मग कोलांटी, मग सासरला जाणं. सलाम राहिला होता, तो पण अर्धाच, हात छातीपर्यंत यायचा आणि काहीतरी आठवल्यासारखा थांबायचा, मग ती त्याच हातानं कान खाजवायची. करोनात आम्ही मास्क लावून जायला लागलो, माणसाकडनं माकडाला होईल या भीतीनं, तेव्हा पुन्हा जरा वाढला. डॉक्टर म्हणाला तिला आपले ओठ दिसत नाहीत. तात्या मास्कच्या आत चपचप करायचे आणि ती त्या कापडाकडं बघत हात वर न्यायची. मग ते पण थांबलं. 2021 च्या उन्हाळ्यानंतर मी तिचा सलाम बघितला नव्हता.

आता मी काय केलं ते.

2021 च्या डिसेंबरात बहीण पुण्याहून आली, भाच्याला घेऊन, नऊ वर्षांचा. मामा तुझी माकडं दाखव. रविवारी नेलं, तात्या बाजाराला गेले होते. आक्का उन्हाला बसलेली, लाडू तिच्या मागं. भाच्याला दोन मिनिटांत कंटाळा आला, म्हणाला ही काहीच करत नाही. त्या पोराचं काही चुकलं नाही, मोबाईलवर माकडं सारखं काहीतरी करत असतात. पण मला ते लागलं. म्हणजे मला वाटलं माझाच अपमान झाला, आक्का ही जणू माझी काहीतरी कमाई होती. मी म्हटलं थांब, सलाम करते आमची आक्का. आणि मी खाकरलो. अगदी तसाच. तिनं बघितलं, हलली नाही. मी खिशातनं शेंगदाणे काढले आणि मूठ तिच्यासमोर धरली. ती माझ्या मुठीकडं बघत राहिली, मग खाली आली, दोन पायांवर उभी राहिली आणि हात कपाळाला लावला. पूर्ण. भाचा टाळ्या वाजवत उड्या मारायला लागला, बहिणीनं व्हिडिओ काढला, चौदा सेकंदांचा. आणि मला, खरं लिहायचं तर, फार बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, छातीत ऊब आल्यासारखं. त्या माकडवाल्याला रोज असंच वाटत असणार.

पुढच्या रविवारी गेलो तर आक्का सगळ्यांना सलाम करत होती. डॉक्टरला, पाणी भरणाऱ्या पोराला, पैलवानाला पण. लाडूला करून दाखवत होती. तात्यांनी मला काही विचारलं नाही. चहा केला, सगळ्यांना दिला, माझा कप भरायचा राहिला. राहिला म्हणजे राहिलाच, विसरणारा माणूस नव्हे तो. संध्याकाळी निघताना मीच म्हणालो, तात्या, चुकलं. ते झाडू धुवत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी शिकल्या-सवरल्यालं मानूस. त्याचं पोट तरी त्यावर हुतं."

तीन-चार महिन्यांनी पुन्हा सुटला सलाम. त्या काळात मी तिच्याकडं पाठ करून बसायला शिकलो.

2023 च्या जानेवारीत ती गेली. किडनी. महिनाभर आधीपासनं खाणं कमी झालं होतं. मी त्या सकाळी तिथं नव्हतो, तात्यांनी सांगितलं ते असं की फळीखाली आडवी दिसली, गोणपाट अर्धं अंगावर, आणि तात्या बराच वेळ पिंजऱ्याबाहेर पाठ करून उभे राहिले. खेळ करत असंल तर उठंल म्हणून. यात तात्यांचं किती आणि खरं किती मला माहीत नाही, नंतर सांगताना माणूस जरा जुळवतो. पण पाठ करून उभे राहिले असतील हे मी मानतो.

माझ्या आजोळी एकदा शॉक लागून वानर मेला होता तर गावानं भजन म्हणत यात्रा काढली, तेराव्याला गावजेवण. इथं तसं करता येत नाही. 1972 च्या कायद्यानं वन्यप्राणी सरकारचा, जिवंत पण आणि मेलेला पण. वनखात्याला फोन, पोस्टमॉर्टेम, पंचनामा, मग त्यांच्या समोर अग्नी. तात्यांनी हळू आवाजात विचारलं हळदकुंकू वाहिलं तर चालंल का, तो गार्ड भला होता, म्हणाला मी तिकडं बघतो. पैलवान त्या दिवशी जाळीला एक हात लावून बसलेला. दु:खानं म्हणणार नाही मी. बसलेला होता एवढं खरं.

पंचनाम्याच्या झेरॉक्स माझ्याच दुकानात काढल्या. डॉक्टर कागद घेऊन आला, नेहमीसारखाच म्हणाला, काका तीन तीन. टोपी माकड, मादी, वय अंदाजे सोळा. खुणा: कमरेभोवती केसविरहित पट्टा. मी बटण दाबलं आणि पहिलं पान चार वेळा निघालं, माझ्याच बोटाची चूक. जास्तीची कॉपी फाडून टाकायची असते, नियम आहे माझा, लोकांची कागदपत्रं असतात. ती तेवढी ड्रॉवरमधे आहे, स्टेपलरच्या पिनांखाली.

तर पार्किंग. बायको वर गेली, मी थोड्या वेळानं गेलो. खेळ संपला होता. ओवी कोपऱ्यात एका उशीला टेकून बसलेली, हात चॉकलेटनं माखलेले, परकर वर गेलेला, डोळे पेंगुळलेले. मला बघून सरळ झाली. मी पटकन वळलो आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो, आणि लक्षात आलं तेव्हा ओठ चपचप वाजवत होतो. वहिनी म्हणाली, भाऊजी, पान पाहिजे काय?

रात्री घरी आलो तर फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आला होता. ओवीचा सलाम. चुलत्यांनी, आत्यांनी, पुण्याच्या बहिणीनं, सगळ्यांनी टाळ्या टाकल्या होत्या. वर माझी सख्खी आक्का, इचलकरंजीची, विचारत होती, दादा बघितलास का रे, गप्प का. मी दोनदा बघितला. मग मी पण टाळ्या टाकल्या.